आईचं सूप आणि चंद्रावरची माती

अंतराळाच्या स्पर्धांचे अर्ज तपासायला माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्याच चौकटीवर माझं डोकं सटकतं. ‘संशोधकाचं नाव.’ एकवचनी. नियमांतही तसंच लिहिलेलं असतं, की ही स्पर्धा स्वतंत्र संशोधकांसाठी आहे; ज्याच्या पाठीशी कंपनी नाही, विद्यापीठ नाही, सरकारी प्रयोगशाळा नाही अशा एकट्या माणसाने यावं आणि चंद्रावर जायच्या कामाला हातभार लावावा. हेतू चांगलाच आहे, मी नावं ठेवत नाही. पण इतक्या वर्षांत मला असा एकटा माणूस काही भेटलेला नाही. त्याच्यामागे कुणीतरी चहा करत असतं, कुणीतरी कटकट करत असतं, आणि पुष्कळदा खरी गोष्ट त्या कटकट करणाऱ्यालाच माहीत असते. हे मी बैठकीत दोनदा बोलून पाहिलं. लोक हसले आणि त्यांनी पुढचा अर्ज उघडला. म्हणून इथे लिहून ठेवते. ज्या वर्षी हे खूळ आमच्या घरात शिरलं त्या वर्षाचं लिहिताना स्वतःलाही सोडायचं नाही असं ठरवून बसले आहे.

आमची भाताची गिरणी धसईच्या अलीकडे, मुरबाडच्या रस्त्याला लागून होती. पुढे गिरणी, मागे घर आणि मधे एकच भिंत. गिरणी चालू असली की फडताळातली भांडी एकमेकांना लागून किणकिणत राहायची, आणि पट्ट्याचा फटक फटक आवाज जेवताना, अभ्यास करताना, भांडताना सोबतीला असायचा. त्यामुळे आमच्या घरात हळू बोलायची कुणालाच सवय नव्हती. मी अजूनही फोनवर एवढ्या मोठ्याने बोलते की शेजारच्या टेबलावरचे लोक उठून जातात. घरातल्या प्रत्येक वस्तूवर कोंड्याचा थर असायचा. आई भाकरी थापायच्या आधी परातीवर फडकं मारायची, झालेली भाकरी लगेच झाकायची, वालाचं बिरडं झाकायची, आणि जवळ्याची चटणी तर ताटात वाढेपर्यंत डब्याबाहेर काढायचीच नाही. दुपारी लाइट गेली की गिरणी थांबायची आणि कान एकदम रिकामे व्हायचे. तेवढ्या वेळात ती सूप घेऊन ओट्यावर बसायची. गिरणीतून निघालेल्या तांदळात कणी असते, खडे असतात, तुसाचे तुकडे राहतात. बाकीच्या बायका आपापले तांदूळ घरी नेऊन साफ करायच्या, पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा म्हाताऱ्यांचे तांदूळ आई तिथेच साफ करून द्यायची. सूप ती दर वर्षी म्हसाच्या जत्रेतून आणायची, दहा सुपं हातात धरून, हलवून, विणणाऱ्याशी हुज्जत घालून एक निवडायची. तिला जत्रेत दुसरं काही बघायचं नसायचं. मला पाळण्यात बसायचं असायचं आणि माझा निम्मा दिवस सुपांच्या ढिगापाशी जायचा.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, आयटीआय झालेले फिटर होते. त्यांचं डोकं चांगलं होतं आणि तीच आमची अडचण होती. चालू असलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवत नसे. मिक्सर उघडायचा, पंखा उघडायचा, एकदा तर आईच्या शिवणाच्या मशीनला गिरणीचा पट्टा जोडून दाखवायला गेले आणि सुई भिंतीत घुसली. अशा माणसाच्या हाती कुणीतरी गिऱ्हाईक विसरून गेलेला पेपर लागला, आणि त्यात ती बातमी होती. अंतराळाचं काम करणाऱ्या एका संस्थेने स्पर्धा लावली होती. चंद्रावर पुढेमागे घरं बांधायची तर तिथल्याच मातीच्या विटा पाडाव्या लागणार, आणि त्यासाठी ती माती जाड-बारीक वेगळी करणारं हलकं यंत्र हवं होतं. कुणीही भाग घ्यावा, शिक्षणाची अट नाही. अण्णांनी ती बातमी मला तीनदा वाचायला लावली. मी तेव्हा बारावीला होते, विज्ञान शाखेत, म्हणजे घरातली इंग्रजी वाचणारी एकटी. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते म्हणाले, की जाड-बारीक वेगळं करायचं हेच तर आपण रोज करतो. त्यात चूक काही नव्हती. पण आमच्या घरातल्या सगळ्या संकटांची सुरुवात अशाच बिनचूक वाक्यांनी झालेली आहे.

भाताचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. लोक पोती घेऊन यायचे आणि अण्णा गिरणीची मोटर काढून ती दुसरीकडे जोडून बसलेले असायचे. आई पोत्यांवर खडूने नावं लिहून घ्यायची आणि परवा या म्हणायची. परवा आलेल्यांना तेरवा या म्हणायची. चिडून काही लोक धसईच्या दुसऱ्या गिरणीकडे वळले. चंद्रावरची माती कुठून आणायची हा प्रश्न मात्र अण्णांनी एका दिवसात सोडवला. चंद्रावर काळा दगड आहे असं बातमीत होतं, आणि काळ्या दगडाला आमच्याकडे काय तोटा. आटगावच्या बाजूला खडीचा क्रशर होता, तिथून ते टेम्पो भरून दगडाची भुकटी घेऊन आले आणि अंगणात ओतली. त्या दिवसापासून आमच्या घरात कोंडा आणि भुकटी एकत्र उडायला लागली. भाकरीत कचकच, वरणात कचकच, केस विंचरले की कंगव्यातून राखाडी पीठ पडायचं. आईने पहिल्या आठवड्यात तोंड बंद ठेवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने ताट पुढे ढकललं आणि म्हणाली, “चंद्रावर जायचा तर जा, पन तो माझ्या भाकरीत नको.”

आधी अण्णांनी चाळण करून पाहिली. चाळण दहा मिनिटांत बुजली, आणि नियम असा होता की यंत्राने माणसाचा हात न लागता तासन्तास चालायला हवं. मग त्यांनी गिरणीतला तूस उडवणारा पंखा काढला आणि एका उभ्या डब्याला बसवला. वरून माती सोडायची, बाजूने वारा मारायचा, बारीक लांब जाऊन पडतं आणि जाड तिथेच खाली. ते इतकं सुंदर चाललं की रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघायला लागली. अर्जाबरोबर चालत्या यंत्राचं चित्रण पाठवायचं होतं, म्हणून गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बबनला बोलावलं. बबनला लग्नाशिवाय दुसरं काही माहीत नव्हतं. त्याने आणून दिलेल्या सीडीत आमचं यंत्र बदामाच्या आकारात उगवायचं, त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायच्या आणि खाली ‘शुभाशीर्वाद’ अशी पट्टी सरकायची. मी कपाळाला हात लावला. अण्णा म्हणाले, असू दे, उठून दिसेल.

आणि मग मी अर्ज भरायला बसले. कोंडा झटकून, पाटीवर कागद ठेवून, डिक्शनरी मांडीवर घेऊन. सातव्या प्रश्नाशी माझा हात थांबला. ‘चंद्रावर हवा नाही. अशा ठिकाणी तुमचं यंत्र कसं चालेल ते सांगा.’ मी तो प्रश्न परत वाचला. चंद्रावर हवा नसते हे मला पाचवीपासून माहीत होतं, परीक्षेत लिहून गुण घेतले होते. अण्णांनाही माहीत होतं. दोन महिने आम्ही दोघं वाऱ्यावर चालणारं यंत्र बनवत होतो, आणि एकदाही, एकाच्याही मनात आलं नाही. भाताच्या गिरणीत जन्म काढलेल्या माणसाला वारा असणारच असं धरूनच साफसफाई सुचते. मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी जाऊन पंखा बंद केला. दोन दिवस त्यांनी यंत्राला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून आले आणि म्हणाले, की आपण हवा सोबत नेली तर? एका मोठ्या पेटीत भरून? मला आजही तो क्षण आठवला की ओरडावंसं वाटतं. तेव्हा मी खरंच ओरडले होते.

आई ओट्यावर बसून कुणाचे तरी तांदूळ साफ करत होती. आमचा आरडाओरडा ऐकून तिने विचारलं, काय झालं. मी तणतणत सांगितलं, की चंद्रावर वाराच नाही, सगळं फुकट गेलं. ती हातातलं सूप न थांबवता म्हणाली, “वारा पडला म्हनून आमी काय उपाशी बसतो? पाखडायला वारा लागतो. घोळायला नाय लागत.”

ज्यांनी सूप हातात धरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पाखडताना धान्य सुपातून वर उडवतात आणि हलका कचरा वाऱ्याने निघून जातो. घोळताना धान्य उडवायचं नसतं. सूप जवळजवळ आडवं धरून गोल हलवत राहायचं, म्हणजे बारीक कणी तळाला बसते आणि जाड दाणे, खडे वर येऊन कडेला सरकतात. वारा पडलेल्या दिवशी बायका हेच करतात. आईने अंगणातली मूठभर भुकटी सुपात घेतली, दोन मिनिटं घोळली आणि सूप आमच्यापुढे धरलं. एका बाजूला खडी, एका बाजूला पीठ. अण्णांनी बोट फिरवून बघितलं. मग ते आत जाऊन माझी कंपासपेटी घेऊन आले.

स्पर्धेची मुदत एका महिन्याने वाढली. तशी ती नेहमीच वाढते, आता मीच ती वाढवणाऱ्यांत असते. त्या महिन्यात आईचे हाल झाले. अण्णा समोर पाट घेऊन बसायचे, कोनमापक लावून सुपाचा उतार मोजायचे, भिंतीवर खडूने आकडे लिहायचे आणि तिला तेच तेच घोळायला लावायचे. तिच्या डोळ्यांत भुकटी जायची, मनगट दुखायचं, चुलीवरचं करपायचं. एकदा ती मला म्हणाली, तुझ्या बापसाने लग्नाला बावीस वर्षं झाली तरी माझ्या हाताकडे कधी बघितलं नव्हतं, आता बघतोय तर पट्टी लावून. ती रागाने बोलत होती, पण मला वाटतं तिला ते थोडं आवडतही असावं, कारण त्या दिवसांत ती दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून बसायची. अण्णांनी पत्र्याचं सूप बनवलं, खाली मोटर बसवली, मोजलेल्या कोनात ठेवलं आणि मोजलेल्या वेगाने फिरवलं. माती नुसती गोल गोल फिरत राहिली. आईने तेच पत्र्याचं सूप काढून हातात घेतलं, की माती मुकाट वेगळी व्हायची. तू काय वेगळं करतेस असं विचारलं की म्हणायची, काही नाही, घोळते.

ते आम्हाला बबनने दाखवलं, आणि तेही न कळता. नव्या यंत्राच्या चित्रणात आईचे हातही घ्यावेत असं मी सुचवलं होतं. बबनने सीडी आणून दिली. त्यात बाईचा बांगड्या भरलेला हात दिसला की चित्र संथ करायचं आणि सनई लावायची, ही त्याची पद्धत. आम्ही तिघं टीव्हीसमोर बसलो होतो. सनई सुरू झाली, चित्र संथ झालं, आणि अण्णा ताडकन उठून टीव्हीजवळ गेले. दर दोन फेऱ्यांनंतर आईचं मनगट कणभर मागे यायचं, स्वतःकडे, आणि लगेच सुटायचं. त्या एका झटक्याने जाड खडी पुढे सरकत होती. आई म्हणाली, “मी असा करतंय?” तिने स्वतःचा हात वर करून पाहिला. अण्णांनी त्याच दिवशी मोटरच्या चाकाला एक खाच पाडली, पट्टी अडकवली, आणि तिसऱ्या फेरीला सूप मागे ओढलं जाऊन सुटायला लागलं. अंगणात पहिल्यांदा, कुणाचाही हात न लागता, पीठ इकडे आणि खडी तिकडे अशी पडली. मी त्या दिवशी एवढी खूश होते की बबनच्या पाकळ्याही मला खटकल्या नाहीत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. अर्ज मी मुरबाडला जाऊन कॉम्प्युटर क्लासमध्ये टाइप केला. अण्णा गिरणीत होते. ते म्हणाले, तू भर, तुला कळतं. संघात जास्तीत जास्त तीन नावं घालायची मुभा होती. प्रत्येक नावापुढे शिक्षण आणि ‘या शोधातला तुमचा वाटा’ अशा दोन चौकटी. पहिलं नाव मी अण्णांचं घातलं. दुसरं माझं घातलं. मला बारावीनंतर इंजिनिअरिंगला जायचं होतं, माझे गुण काठावरचे होते, आणि आमचे एक सर म्हणाले होते की असं काही गाठीशी असलं तर मुलाखतीत उपयोग होतो. माझ्या वाट्याच्या चौकटीत मी ‘गतीचा अभ्यास आणि आरेखन’ असं इंग्रजीत लिहिलं. तिसरी चौकट रिकामी होती. तिथे आईचं नाव लिहायचं म्हणजे शिक्षणात चौथी लिहावं लागणार होतं, आणि वाटा म्हणून काय, तर तांदूळ घोळणे. शेजारी क्लासची मुलं बसली होती. मी ती चौकट तशीच सोडली आणि बटण दाबलं. घरी येताना मला वाईट वाटलं असं लिहायला बरं वाटेल, पण तसं काही नव्हतं. मी एसटीत खिडकीशी बसून भजी खाल्ली.

आमची निवड पुढच्या फेरीसाठी झाली. परीक्षक कॉम्प्युटरवरून समोरासमोर बोलणार होते आणि त्यांनी मोहोरबंद पाकिटात पाठवलेली माती त्यांच्यादेखत फोडून यंत्रात घालायची होती. यंत्र टेम्पोत घालून आम्ही मुरबाडच्या त्याच क्लासमध्ये नेलं. आईही आली, नवी साडी नेसून. मी तिला सांगितलं की ज्यांची नावं अर्जात आहेत त्यांनाच आत बसता येतं. तिने विचारलं नाही, की मग माझं का नाही. ती दाराबाहेर, चपला काढलेल्या जागेशी बाकावर बसली. पडद्यावर दोन पुरुष आणि एक बाई होत्या. अण्णा हिंदीत बोलायचे, मी इंग्रजीत. सगळं नीट चाललं होतं. मग पाकीट फोडलं, आणि त्यातली माती आमच्या भुकटीपेक्षा कितीतरी बारीक निघाली, जवळजवळ मैद्यासारखी. यंत्र सुरू केलं तर ती सगळी मधे गोळा होऊन बसली. अण्णांनी वेग वाढवला, कमी केला, पट्टी सैल केली, घट्ट केली. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता. पडद्यावरचे पुरुष घड्याळ बघायला लागले.

दारातून आवाज आला. “उतार जास्ती झाला. पुढची बाजू उचला जरा. आनि येवढी नका घालू, सूप भरून कोन घोळतो?” अण्णांनी तिच्याकडे बघितलंही नाही, नुसतं तसं केलं. पुढच्या बाजूखाली वहीची दोन पानं दुमडून घातली, निम्मी माती काढली, आणि ती मैद्यासारखी माती आपली आपण सरकायला लागली. पडद्यावरची बाई पुढे वाकली आणि तिने मला विचारलं, हे कोण बोललं? मला वाटलं आता नियम मोडला म्हणून बाद करणार. मी भराभर इंग्रजीत सांगितलं, की ती माझी आई आहे, ती घरकामात मदत करते, यंत्राशी तिचा काही संबंध नाही, ती फक्त आम्हाला डबा द्यायला आली आहे. आईच्या हातात डबा नव्हता. बाईने मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

परतताना आम्ही स्टँडजवळ मिसळ खाल्ली. अण्णा एकदम मोकळे झाले होते, वाढप्यालाही चंद्राचं सांगत होते. आईने मला विचारलं, त्या बाईनं माझ्याविषयी काय विचारलं. मी म्हटलं, कोण आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं माझी आई.

“येवढाच?”

“येवढंच.”

“मंग येवढा लांब कशाला बोललीस?”

मी पाव मागवायला उठले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी आशा लावून बसणार नाही. आम्ही जिंकलो नाही. शेवटच्या फेरीत यंत्र काचेच्या पेटीत ठेवून पेटीतली हवा काढून घेतली. आमच्या सुपाने झकास सुरुवात केली आणि थोड्याच वेळात मोटर तापून बंद पडली, कारण मोटर थंड राहायलाही वारा लागतो. हेही आमच्या लक्षात आलं नव्हतं. अण्णा त्या पेटीसमोर उभं राहून हसायला लागले, आणि ते इतके मनापासून हसले की परीक्षकही हसले. मातीच्या सरकण्याबद्दल मात्र खास उल्लेख झाला, प्रमाणपत्र मिळालं. ते मी इंजिनिअरिंगच्या मुलाखतीला नेलं आणि मला जागा मिळाली. तिथूनच मी या कामात आले. अण्णांनी परत येऊन गिरणीची मोटर जागेवर बसवली, तरी गेलेली गिऱ्हाइकं परत यायला दोन हंगाम लागले.

पण त्या शेवटच्या फेरीच्या आधी एक पत्र आलं होतं. निवड झालेल्यांनी संघाची नावं तपासून पाहावीत, बदल असल्यास आठ दिवसांत कळवावेत, आणि छापील प्रतीवर सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवाव्यात. मी ते अण्णांना वाचून दाखवलं. नावांपाशी त्यांनी मला थांबवलं. तिचं नाव नाही का टाकलंस, असं त्यांनी विचारलं. रागाने नाही, त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. ते तीन नावं आहेत असंच धरून चालले होते. इतके दिवस मी मनातल्या मनात त्यांच्यावर ढकलत होते, की घरातला पुरुष, त्याला कुठे बायकोचं नाव घालायचं सुचणार. आणि त्यांनी तर ते गृहीत धरलेलं. मला त्यांचा इतका राग आला की मी कागद आपटला. राग त्यांचा नव्हता हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली.

मी ओट्यावर गेले. आई वाल सोलत होती. मी तिला सांगितलं, की तुझं नाव राहून गेलंय, आता घालते. तिने वाल सोलायचं थांबवलं नाही.

“माझा नाव घालायचा तर घाल,” ती म्हणाली. “पन मंग तुझा काढ.”

“माझं का?”

“तू काय केलास यात?”

“फॉर्म भरला. पत्रं लिहिली. सगळं इंग्लिश मीच बोलले ना.”

“फॉर्म भरनाऱ्याचा नाव फॉर्मात असतो काय गो? मुरबाडच्या कचेरीभायेर अर्ज लिवून देनारा बसतो, सातबाऱ्यावर त्याचा नाव चढतो?” तिने सोललेला वाल भांड्यात टाकला. “तवा त्या बाईला तू काय सांगितलास, मना म्हाईत नाय. इंग्लिश मना कलत नाय. पन तुझा तोंड मी बगितला.”

मी म्हटलं, काढते. आणि मी ते मनापासून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी मुरबाडला जाऊन मी स्वतःच्या नावाची ओळ पुसली. त्या जागी आईचं पूर्ण नाव टाइप केलं, शिक्षण चौथी, वाटा म्हणून लिहिलं, ‘सूप घोळण्याची रीत, उतार आणि मागचा झटका.’ वाचून पाहिलं. ते बरोबर होतं, आणि त्यातलं एक अक्षरही माझ्या पहिल्या अर्जासारखं फुगवलेलं नव्हतं. मग मुलाखतीचं आठवलं, माझे काठावरचे गुण आठवले, गिरणीची ती थरथरणारी भिंत आठवली, आणि मी आईच्या वर एक ओळ मोकळी केली व माझं नाव परत लिहिलं. तीन नावांची मुभा होतीच. कुणाचं काही हिरावून घेत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. प्रिंट काढली आणि घरी आले.

अण्णांनी गिरणीतच सही केली, कागदावर कोंड्याचा अंगठा उमटला. मी माझी केली. आई चुलीपाशी होती. तिने हात पदराला पुसले आणि कागद घेऊन उजेडात दारापाशी गेली. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते.

“तुझा काढलास?”

“काढलं.”

तिने कागदावर बोट ठेवलं आणि नावांच्या ओळींवरून हळूहळू खाली आणलं. एकदा थांबलं, परत थांबलं, तिसऱ्यांदा थांबलं. भिंतीपलीकडे पट्टा चालू होता. तिने माझ्याकडे वर बघितलं नाही. पेनासाठी हात पुढे केला.

“सही तिसऱ्या ओळीवर ना?” तिने विचारलं.

मी हो म्हणाले.